आधी मान वर कर!

परवा कृष्णविवरांवर मोठ्या तोऱ्यात बोलत होतास. तोंडाचा पट्टा थांबेना. मी एवढंच विचारलं, काल रात्री चंद्र कुठल्या बाजूला होता? गप्प. आज तिथी कोणती? पुन्हा गप्प. अरे, डोक्यावरचं आकाश ठाऊक नाही आणि गप्पा कोट्यवधी प्रकाशवर्षांच्या! ही खगोलशास्त्राची आवड नव्हे, ऐकीव माहितीचा दिमाख आहे.

"सर, चांगली दुर्बीण नाही." टायको ब्राहेकडे कुठली होती? तो १६०१ मध्ये गेला. दुर्बीण तेव्हा आकाशाकडे वळलीही नव्हती. नुसत्या डोळ्यांनी, कोन मोजायची यंत्रं घेऊन त्यानं वर्षानुवर्षं मंगळाच्या जागा टिपल्या. त्या नोंदींशी केप्लरचं वर्तुळाकार कक्षेचं गणित ताडून पाहिलं तर फरक पडला आठ कलांचा. म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा जेमतेम चौथा हिस्सा. तू "चालतंय की" म्हणून सोडून दिलं असतंस. केप्लरनं वर्तुळच मोडीत काढलं आणि मंगळाला लंबवर्तुळात बसवलं.

गॅलिलिओकडे दुर्बीण होती, कबूल. ७ जानेवारी १६१० ला त्याला गुरूजवळ तीन ठिपके दिसले. दोन पूर्वेला, एक पश्चिमेला. तू असतास तर फोटो काढून, चार जणांना पाठवून झोपला असतास. तो दुसऱ्या रात्री परत आला. तिन्ही ठिपके पश्चिमेला! नऊ तारखेला ढग आले. दहाला तो पुन्हा हजर. तेराला चौथा ठिपकाही सापडला. गुरूचे चंद्र असे हाती लागले आणि सगळं पृथ्वीभोवतीच फिरतं या समजुतीला तडा गेला. तुझी दुसरी रात्र कधी उजाडणार?

शहरात उजेड फार म्हणे. शुक्र आणि गुरू दादरच्या दिव्यांनाही जुमानत नाहीत. पावसाळ्यात ढग असतात, मान्य. उरलेले आठ महिने काय करतोस?

आणि वर तोंड करून विचारतोस, "याचा रोजच्या जगण्यात उपयोग काय?" मृग लागला की तुझ्या गावात पेरणीची धांदल उडते ना? मृग लागतो म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात शिरतो. म्हणून तर तेव्हा ते तारे रात्री दिसत नाहीत. कधी शोधलेस? अमावस्या-पौर्णिमेला उधाण येणार, हे कोळ्याच्या पोराला कळतं. तुला ॲप लागतं. त्याच फोनवर रस्ता शोधतोस. त्याला जागा सांगणाऱ्या वरच्या उपग्रहांची घड्याळं सापेक्षतेमुळे दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ती चूक आधीच दुरुस्त केलेली नसती, तर एका दिवसात तुझा पत्ता काही किलोमीटर चुकला असता. आणि हीच सापेक्षता पारखली गेली ती बुधाच्या कक्षेवर आणि १९१९ च्या सूर्यग्रहणात.

हेलियम विजयदुर्गावर सापडला, हे तर भाषणात ठोकूनच दिलंस. तपासलंस? १८ ऑगस्ट १८६८ च्या सूर्यग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता, विजयदुर्गावर नव्हे. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरनं दोन महिन्यांनी इंग्लंडात बसून सूर्यप्रकाशात हेलियमची पिवळी रेघ हेरली. पृथ्वीवर हा वायू हाती लागला थेट १८९५ मध्ये. आज एमआरआय यंत्रातले चुंबक त्याच्याच द्रवानं थंड ठेवतात. टाळ्या मिळाल्या म्हणून खोटं खरं होत नाही, बाबा.

बुद्धी नसती तर मी तोंड उघडलंच नसतं. डोकं आहे, गणित येतं, गच्ची आहे. नाही ती चिकाटी. "परीक्षा झाली की बघतो" हे तू मला नाही, स्वतःला फसवायला म्हणतोस.

आता ऐक. अमावस्येनंतर दोन दिवसांनी सूर्य मावळला की पश्चिमेला बारीक कोर दिसेल. रोज सातच्या ठोक्याला गच्चीवर जायचं. हात ताणून मूठ धरायची, ती साधारण दहा अंश झाकते. चंद्र रोज एका मुठीहून थोडा जास्तच पूर्वेला सरकलेला असेल. मी सांगतो म्हणून मानू नकोस, मोज. वहीत तारीख, वेळ, दिशा लिही. ढग असतील तर तेही लिही. आठ दिवसांनी वही घेऊन ये. रिकाम्या हातानं आलास तर दारातूनच परत पाठवीन.