शंखांतला पाहुणा

नातवानें कोंकण किनाऱ्यावरून आणलेला शंखवासी खेकडा बारामतीस आमच्या घरीं काचेच्या पेटींत आहे. त्याच्या कल्ल्यांस दमट हवा लागते, म्हणून पेटी झांकलेली असते. कात टाकण्यास खोल ओली वाळू, गोडें व खारें पाणी, वाढत्या देहास मोठे रिकामे शंख हें सारें आम्ही पुरवितों. तो निरोगी आहे. मग उणें काय? या जातीची मादी अंडीं समुद्रांतच सोडते. पेटींत वंश खुंटतो. इंदापुराकडे जुनें पळसदेव उजनीच्या पाण्याखालीं गेलें; लोकांस नवें गांव मिळालें, म्हणून जुन्याची भरपाई झाली काय? उत्तम संगोपन हें अपहरणाचें प्रायश्चित्त होईल, समर्थन नव्हे. सुट्टींत त्याला त्याच किनाऱ्यावर पोंचविण्याचें आम्हीं ठरविलें आहे. नातू रुसला आहे. त्याची समजूत घालणें हेंच आतां कठीण काम.