सामरीची प्रत कुणाकडे आहे?

'पुराना मंदिर' १९८४ साली आला तेव्हा रामसे बंधूंची भिस्त मुंबईतल्या मोठ्या थिएटरांवर नव्हती. फारसे नाव नसलेले नट, हाताशी असलेली जुनी वास्तू, झटपट चित्रीकरण आणि मग जिल्ह्या-तालुक्याच्या गावांतून होणारा धंदा, असं त्यांचं साधं गणित होतं. नांदेड-लातूरसारख्या गावांच्या जिवावर हे भयपट चालले. आज त्याच 'पुराना मंदिर'ची स्वच्छ प्रत घरात ठेवायची म्हटली तर मोंडो मकाब्रो नावाच्या परदेशी कंपनीची डिस्क शोधावी लागते. 'वीराना', 'पुरानी हवेली', 'बंद दरवाजा', 'तहखाना', 'महाकाल' हेही त्याच कंपनीनं आधी डीव्हीडीवर आणि पुढं ब्लू-रेवर काढले. ज्यांनी तिकिटं काढून हे सिनेमे जगवले त्यांच्या गावात त्यांची एक धड प्रत नाही, आणि तिकडच्या हौशी संग्राहकाच्या कपाटात सहाही सिनेमे ओळीनं लावलेले आहेत.

असेनात का, असं कुणी म्हणेल. रामशांचे पिक्चर म्हणजे काही 'संत तुकाराम' नव्हे. खरंच नव्हे. त्यातले विनोदी प्रसंग आज सोसवत नाहीत, आणि बायकांना दाखवण्याची नजर तर अजिबातच नाही. पण या सिनेमांत वारंवार येणारी गोष्ट पाहा: गावाबाहेरची पडकी हवेली, तिचा ठाकूर किंवा राजा, त्या घराण्यानं कधीकाळी केलेलं काही भयंकर आणि पिढ्यान् पिढ्या न फिटणारा शाप. मराठवाड्यात गावोगाव ढासळलेल्या गढ्या आहेत. गढीवर कोण राहत होतं, तिथं काय काय घडलं, हे अंधार पडल्यावर हळू आवाजात सांगितलं जाई. निजामी राजवटीतून १९४८ साली बाहेर पडलेल्या मुलखाला सत्तेच्या वाड्यातलं भूत वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. समीक्षकांनी या सिनेमांकडे पाहिलं नाही. प्रेक्षकांनी मात्र त्यात ओळखीचं काहीतरी पाहिलं असणार, असं मला वाटतं.

रामशांचा भयपटांकडे वळण्याचा किस्साही प्रेक्षकांनीच घडवलेला आहे. १९७० च्या 'एक नन्ही मुन्नी लडकी थी'मध्ये पृथ्वीराज कपूर राक्षसाचा मुखवटा घालून चोरी करायला येतात. सिनेमा पडला, पण लोक त्या एका प्रसंगासाठी थिएटरात येत होते. ते हेरून १९७२ साली 'दो गज जमीन के नीचे' निघाला. पुढं 'पुराना मंदिर'मधला राक्षस सामरी झालेला अनिरुद्ध ऊर्फ अजय अगरवाल रुडकीहून स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेला, सहा फुटांवर उंचीचा माणूस. त्याला राक्षस करायला मेकअपपेक्षा प्रकाशयोजनाच जास्त कामी आली असावी.

जुन्या भयपटांचा एकूण इतिहास पाहिला तर एक गोष्ट लख्ख दिसते. जिथं एकच प्रत उरली, तिथं सिनेमा गेला. जिथं प्रती विखुरलेल्या होत्या, तिथं तो वाचला. मुर्नाऊच्या 'नोस्फेराटू'वर (१९२२) 'ड्रॅक्युला'कार ब्रॅम स्टोकरच्या पत्नीनं दावा लावला आणि जर्मन न्यायालयानं सगळ्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. तोवर काही प्रती देशोदेशी पोचल्या होत्या, म्हणून ते पिशाच्च आजही पडद्यावर जिना चढतं. उलट लॉन चेनीच्या 'लंडन आफ्टर मिडनाइट'ची शेवटची ज्ञात प्रत १९६५ साली एमजीएमच्या गोदामाला लागलेल्या आगीत गेली. आता त्याची नुसती छायाचित्रं उरली आहेत. आपल्या 'शोले'चं मात्र 'नोस्फेराटू'सारखंच झालं. सेन्सॉरमुळे बदललेला मूळ शेवट २०२५ साली पुन्हा पडद्यावर आला तो इंग्लंडमधल्या गोदामात पडून राहिलेल्या रिळांच्या आधारानं.

मराठीला हे कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं, पी. के. नायर यांनी आयुष्य त्यात घातलं. फाळक्यांच्या 'कालिया मर्दन'ची (१९१९) रिळं त्यांनी फाळके कुटुंबाकडून मिळवली. ती घरात राहिली होती म्हणून मिळाली. आणि जानेवारी २००३ मध्ये त्याच पुण्यात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या कोठारात नायट्रेट फिल्मला आग लागली आणि प्रभातच्या मूळ रिळांची राख झाली. 'संत तुकाराम' आपण अजून पाहू शकतो, कारण त्याच्या दुसऱ्या प्रती काढून ठेवलेल्या होत्या. बाबूराव पेंटरांचा मूकपट 'सावकारी पाश' (१९२५) पाहू शकत नाही. कर्जापायी जमीन गेलेल्या शेतकऱ्याची ती गोष्ट. मराठवाड्यानं तरी ती पाहायलाच हवी होती.

म्हणून मला संग्रहालयाइतकंच महत्त्व घरातल्या डिस्कचं वाटतं. आपल्याकडे सिनेमा घरात शिरला तो भाड्यानं. गणपतीत किंवा लग्नाच्या दुसऱ्या दिवशी व्हीसीआर आणायचा, वर्गणी काढायची आणि रात्रभरात तीन पिक्चर संपवायचे. त्यातला एक भुताचा ठरलेला. मग व्हीसीडी आली, एका सिनेमाच्या दोन चकत्या. २००७ च्या सुमारास मोझर बेअरनं २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा सिनेमा पहिल्यांदाच सामान्य माणसाच्या मालकीचा झाला. दहा-अकरा वर्षांत ती कंपनी दिवाळखोरीत गेली. तोवर नांदेडच्या वजिराबादेत काय नि लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास काय, लोक मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून घेऊ लागले होते. कार्ड पुसलं की सिनेमा गेला. आता तर कार्डही लागत नाही. सगळं ऑनलाइन आहे, असं आपण धरून चालतो.

ते तसं नाही. करार संपला की सिनेमा ओटीटीवरून निघतो आणि प्रेक्षकाला कुणी कळवत नाही. यूट्यूबवरच्या जुन्या मराठी सिनेमांत कुठं गाणं गायब, कुठं चेहरे आडवे ताणलेले, कुठं कोपऱ्यात तीन-तीन कंपन्यांची बोधचिन्हं. व्हीसीडीही फार चांगली नव्हती, हे कबूल केलं पाहिजे. महेश कोठारेंचा 'धडाकेबाज' (१९९०) मराठीतला पहिला सिनेमास्कोप म्हणून गाजला. सिनेमास्कोपचं रुंद चित्र चौकोनी टीव्हीला पुरतं बसवायला कडा छाटल्या, की रुंदीतला चाळीस टक्क्यांहून जास्त भाग जातो. त्यातला खलनायक कवठ्या महाकाळ उरतो, त्याची गुहा जाते. तरीही, चांगली प्रत निघेपर्यंत हातातली वाईट प्रत टाकू नये. 'मेट्रोपोलिस'चे हरवलेले प्रसंग २००८ साली ब्यूनोस आयर्समध्ये सापडले ते ओरखड्यांनी भरलेल्या १६ मिलिमीटरच्या प्रतीतच.

काय जमवावं, याचं माझं उत्तर अभिजात सिनेमांच्या यादीपाशी थांबत नाही. 'संत तुकाराम', 'श्यामची आई' यांची काळजी घेणारे आहेत. काळजी वाटते ती मधल्या सिनेमांची. 'मेरा साया' सगळ्यांना ठाऊक. तो ज्यावरून घेतला तो राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४) किती घरांत आहे? भुताच्या भीतीला गावच्या मातीत रुजवणारा 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६), ज्याची गाणी माहीत असतात आणि सिनेमा पाहिलेला नसतो. 'झपाटलेला' (१९९३), ज्यातला रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचू आज मीममध्ये जास्त आणि मूळ सिनेमात कमी भेटतो. खुनी बाहुलीची कल्पना अमेरिकी सिनेमातून घेतलेली आहे, पण ती तमाशातल्या बतावणीच्या चालीनं बोलते, आणि म्हणूनच ती परकी वाटत नाही. मराठी भयाला हसू चिकटलेलं असतं; या सिनेमाच्या जोडीला रामशांचा एखादा पाहिला की फरक कळतो.

आपल्या कायद्यात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९६४ च्या 'पाठलाग'सारखे सिनेमे, निदान चित्रपट म्हणून, त्या मुदतीबाहेर गेले आहेत आणि दर वर्षी आणखी जातील. तेव्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठानं, त्याच्या लातूर उपकेंद्रानं आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या अनुदानित वाचनालयांनी पुस्तकांशेजारी डिस्कचं एक कपाट ठेवावं, चालणारा एक प्लेयर सांभाळावा, आणि काय आहे त्याची नोंदवही करावी. पैसा फार लागत नाही. आणि ज्यांच्या घरात माळ्यावर व्हीसीडीच्या थप्प्या आहेत त्यांनी त्या भंगारवाल्याला देण्याआधी एकदा नावं वाचावीत. मराठी सिनेमा असेल, त्यातही भुताचा असेल, तर ठेवून द्यावा. जमलंच तर वाचनालयात नेऊन द्यावा.