द्व्यर्थी वचन आणि असत्याचा दोष

ज्या वचनातून दोन अर्थ निघतात आणि त्यांपैकी एक खरा असतो, ते बोलणाऱ्यास असत्याचा दोष लागतो किंवा नाही? शब्द खरा होता, एवढ्याने जीव सुटतो काय?

प्रथम काव्यातील श्लेष वेगळा काढला पाहिजे. माघाच्या संस्कृत 'शिशुपालवधा'च्या 16 व्या सर्गात शिशुपालाचा दूत श्रीकृष्णचक्रवर्तींपुढे असे भाषण करतो की, एका अंगाने ती विनवणी आणि दुसऱ्या अंगाने धिक्कार. सात्यकी ते ओळखून उत्तर देतो. दूत कपटी असेल, कवी नव्हे. दोन्ही अर्थ वाचकाच्या हाती पडावेत हीच त्याची इच्छा. (आपल्या भास्करभट्ट बोरीकरांचा 'शिशुपाळवध' निवृत्तांजोगा नव्हे असे म्हटले गेले, ते शृंगारामुळे. तो आक्षेप निराळा.)

दृष्टांतातही दोन अर्थ असतातच. केशिराजबासांच्या 'दृष्टांतपाठा'तील जात्यंधांचा हत्ती घ्या. पाठोपाठ दार्ष्टांतिक येऊन दुसरा अर्थ उघडा करते. ऐकणारा हत्तीपाशी अडकून राहत नाही. उलट द्रोणपर्वातील हत्ती पाहा. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला होता, म्हणून युधिष्ठिराचा शब्द खरा. पण 'हत्ती' एवढेच तो पुटपुटला, द्रोणांस ऐकू जाऊ नये म्हणून. भूमीपासून चार अंगुळे वर राहणारा त्याचा रथ त्यानंतर खाली टेकला, असे महाभारत सांगते. ही मसलत श्रीकृष्णचक्रवर्तींची होती, असे कोणी म्हणेल. अवताराच्या प्रवृत्तीचा निवाडा जीवाने करू नये. आपणांपुढे प्रश्न त्या पुटपुटण्याचा आहे.

सकळ लिपीलाही कोणी याच माळेत ओवतात, ते चूक होय. अक्षरांची अदलाबदल केलेली पोथी उघडताच वाचणाऱ्यास कळते की, येथे कुलूप आहे. द्व्यर्थी बोलण्यात कुलूपच दिसत नाही.

सेलू-जिंतूरकडील वासनिकांस व्यवहारातील उदाहरण जवळचे वाटेल. पाय अधू झालेला बैल विकताना धनी म्हणतो, "हा कधी पळायचा नाही." घेणारा समजतो, जनावर गरीब आहे, दावे तोडणार नाही. पुढे तक्रार आली की धनी विचारतो, मी खोटे काय बोललो? शब्दापुरते काहीच नाही. परंतु पैसे मोजण्यापूर्वी घेणाऱ्याने "पळायचा नाही म्हणजे कसे?" असे विचारले असते, तर धनी काय सांगणार होता?