न बदललेल्याचं वय

वस्तू झिजते म्हणून जुनी होते, असं आपण धरून चालतो. अर्जुनी मोरगावला आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत एक कॉम्प्युटर आहे, त्याच्यामुळे माझा हा समज गेला.

दोन जीबी रॅमचं ते यंत्र पपी लिनक्सवर चालतं. बॅरी कॉलर या ऑस्ट्रेलियन माणसाने २००३ मध्ये ही प्रणाली अशाच टाकाऊ ठरलेल्या यंत्रांसाठी काढली. रोवणी आटोपली की पोरं शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला येतात, पण साइट उघडेचना. मी नवा फायरफॉक्स उतरवला, ऑप्ट फोल्डरमध्ये मोकळा केला आणि जुना काढून टाकला. शेजारी बसलेले निवृत्त गुरुजी म्हणाले, "म्हणजे जुने कपडे टाकून नवे घातले, असंच ना जी?" रोख गीतेकडे होता.

मला ते पटत नाही. कपडे जीर्ण होतात आणि घालणारा तसाच राहतो, हे त्यात आधीच गृहीत धरलेलं आहे. पपीत उलटं घडतं. तिची तळाची एसएफएस फाइल फक्त वाचता येते. आपण काहीही केलं तरी ते वरच्या थरात साठतं. जुना ब्राउझर काढला तरी तो तळातून हलत नाही. वरच्या थरात 'डॉट डब्ल्यूएच डॉट'ने सुरू होणारी एक रिकामी खूण येते आणि खालचं झाकलं जातं, एवढंच. तळाचा एक बाइटही बदललेला नाही. आणि निकामी झाला तो नेमका तोच ब्राउझर.

का? साइट खरी आहे की नाही हे ब्राउझर स्वतःजवळच्या मूळ प्रमाणपत्रांच्या यादीवरून ठरवतो. लेट्स एन्क्रिप्टची प्रमाणपत्रं वापरणाऱ्या असंख्य साइट ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राच्या आधाराने चालत होत्या, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपली. फायरफॉक्स ५० च्या आधीच्या आवृत्त्यांना नवं मूळ ओळखीचंच नव्हतं. त्या जागच्या जागी होत्या, भोवतालचं जग मात्र पुढे गेलं.

यावरून आठवलं, बौद्ध भिक्खू नागसेनाने मिलिंद राजाला रथाचं विचारलं होतं: आस म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का? रथाचे भाग सुटे करून आपण थांबतो. मला वाटतं, रस्ताही त्यात धरायला हवा. अनित्य म्हणजे नुसतं कुजणं, झिजणं नव्हे. जे कशाच्या तरी आधाराने आहे, ते हललं नाही तरी आधार सरकल्यावर उरत नाही. हा प्रतीत्यसमुत्पाद मी लहानपणापासून ऐकत आले, पण तो असा हाताला लागला नव्हता.

गुरुजींनी मग नव्या मूळ प्रमाणपत्राच्या मुदतीची तारीख विचारली. आयएसआरजी रूट एक्स१, ४ जून २०३५. "पाहा, तारीख घालणारा कोणीतरी आहेच की नाही?" ते म्हणाले. आहेत, माणसंच आहेत, मी म्हटलं. त्यावर आमचा वाद अजून चालू आहे.