कुलूप कोणाकडे?

जयपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये एका मराठी काकूंचं आयकराची विवरणपत्रं भरून देण्याचं काम चालायचं. राहत्या घराचीच पुढची खोली, त्यात एकच कॉम्प्युटर, तोही वय झालेला. जुलैची ३१ तारीख, म्हणजे शेवटचा दिवस. दोन अशील खुर्च्यांवर ताटकळलेले, आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडता उघडेना.

मशीनवर नाशिकहून शिकायला आलेला पुतण्या बसला होता. हुशार पोरगा. त्यानं कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला. बॅकअप चालू होता. तो थांबू शकतो म्हणून त्याला ‘लो’वर ढकललं. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला सरळ ‘रिअलटाइम’ दिलं, त्याच्या वर विंडोजमध्ये पायरीच नाही.

काही हललं नाही.

‘‘मशीनच बदलायला हवं, काकू,’’ तो म्हणाला. ‘‘याला सगळ्यांच्या पुढं काढलंय. इथं मंत्र्यांचा ताफा आला की बाकीचे थांबतात ना, तसं.’’

मुख्यमंत्र्यांचं निवासस्थान याच भागात. ताफ्यापायी थांबण्याची काकूंना सवय होती.

‘‘आणि ताफ्यापुढंच हातगाडीचं चाक निखळलं तर? गाडीवाल्याला शिट्ट्या मारशील, की गाडीला हात लावशील?’’

चष्मा चढवून त्यांनी आधी मेमरी पाहिली. तीच भरली असती तर मशीन डिस्कवर ने-आण करत बसलं असतं आणि प्राधान्याची सगळी उठाठेव वाया गेली असती. मेमरी बरी होती. मग त्यांनी हिशेबाच्या सॉफ्टवेअरपुढचा आकडा दाखवला. प्रोसेसरचा वापर शून्य.

‘‘हे काम करतच नाहीये. वाट बघतंय. वाट बघणाऱ्याला कितीही बढती दे, तो वाटच बघणार.’’

‘‘कोणाची?’’

‘‘बॅकअपची. नक्कल पुरी होईपर्यंत तो हिशेबाच्या फायलीला कुलूप लावून बसतो. त्यालाच तू तळाशी घातलंस. आता त्याची पाळी येत नाही, म्हणून कुलूप निघत नाही.’’

‘‘मग त्याला बंदच करतो.’’

‘‘अर्धवट नक्कल आणि बिघडलेली फाईल घेऊन मी या दोघांना काय सांगू? आणि मला सांग, प्रोसेसर खातंय कोण?’’

पुतण्या गप्प झाला. यादीत मधोमध, ‘नॉर्मल’वर, मावसबहिणीच्या लग्नाच्या व्हिडिओचं रूपांतर चाललं होतं. प्रोसेसर जवळपास सगळा त्याच्याकडे. ते त्यानंच सकाळी लावलं होतं. यादी खालीवर करताना त्याच्या नजरेतून तेवढंच सुटलं. आपलं काम ‘नॉर्मल’च वाटतं, त्याला इलाज नाही.

‘‘लाजू नकोस,’’ काकू म्हणाल्या. ‘‘नासाचंही हेच झालं होतं.’’

खरंच झालं होतं. ४ जुलै १९९७ ला पाथफाइंडर मंगळावर उतरलं आणि काही दिवसांत त्याचा कॉम्प्युटर आपोआप पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागला. हवामानाच्या नोंदी घेणारं किरकोळ प्राधान्याचं काम एक सामाईक कुलूप धरून असायचं. बऱ्याच वरच्या पायरीवरच्या एका कामाला तेच कुलूप हवं असायचं. मधल्या पायरीवरचं संदेशवहन मात्र हवामानाला पुढं सरकू देत नसे. वरचं काम वेळेत झालं नाही की पहारेकरी यंत्रणा सगळंच बंद करून नव्यानं चालू करी. यावरचा उपाय लुई शा, रघुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की यांनी १९९० च्या शोधनिबंधात मांडला होता: मोठा ज्याच्यापाशी अडला असेल, त्या धाकट्याला तेवढ्यापुरतं मोठ्याचंच प्राधान्य द्यायचं. ती सोय यानाच्या प्रणालीत होतीच, फक्त बंद ठेवलेली. पृथ्वीवरून ती चालू केली आणि दुखणं थांबलं.

काकूंनी पहिल्यांदा हिशेबाचं सॉफ्टवेअर ‘नॉर्मल’वर आणलं, कारण कुलूप निघाल्यावर रिअलटाइमवालं काम माऊस-कीबोर्डलासुद्धा दाद देईनासं होऊ शकतं. व्हिडिओ ‘लो’वर गेला. बॅकअप वर आला.

दोघींचा चहा होईतो नक्कल पुरी झाली.

दोघींचा, कारण अशीलबाई आता स्वयंपाकघरात येऊन बसल्या होत्या. दुसरे अशील, शेजारचे निवृत्त प्राध्यापक, पुतण्याशेजारी खुर्ची ओढून फॉर्म १६ वाचून दाखवू लागले. मधेच काका डोकावले.

‘‘काय रे, लग्नाचा व्हिडिओ कधी होतोय?’’

‘‘हे दोघं घरी गेल्यावर,’’ पुतण्या म्हणाला आणि बॅकअपची वेळ रात्री दोनची करून टाकली.