कर, संमती आणि सदसद्विवेक

कैसराला कर द्यावा की नाही, हा प्रश्न प्रभू येशूला विचारण्यात आला तो त्याला पेचात पकडण्यासाठी. विचारणाऱ्यांचा हेतू खोटा होता, प्रश्न मात्र खरा होता. कर भरणे हे कर्तव्य आहे, असे संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. मग कर नाकारणे कधी नैतिक ठरू शकेल काय? अठराव्या शतकातील अमेरिकेचा इतिहास या प्रश्नावर प्रकाश टाकतो.

१७६३ साली सात वर्षांचे युद्ध संपले. इंग्लंड जिंकले, पण त्याचे राष्ट्रीय कर्ज जवळजवळ दुप्पट झाले होते. वसाहतींच्या रक्षणाचा काही भार वसाहतींनी उचलावा, ही लंडनची अपेक्षा वरकरणी अवाजवी नव्हती. १७६५ च्या मुद्रांक कायद्याने दस्तऐवज, वृत्तपत्रे, इतकेच नव्हे तर खेळायचे पत्तेही करपात्र ठरविले. तेव्हा नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले. ज्या संसदेत आमचा प्रतिनिधी नाही, तिला आमच्यावर कर बसविता येणार नाही, ही त्यांची भूमिका. १७६६ साली तो कायदा मागे घेण्यात आला. परंतु वसाहतींसाठी कोणताही कायदा करण्याचा अधिकार आपणास आहे, असे संसदेने त्याच वेळी घोषित केले. पैसा सोडला, हक्क सोडला नाही.

पुढे १७७३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा चहा अमेरिकेत स्वस्त झाला. कर उरला होता पौंडामागे अवघा तीन पेन्स. तरीही १६ डिसेंबरच्या रात्री बोस्टनच्या बंदरात चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात रिकाम्या करण्यात आल्या. दुसऱ्याच्या मालाची ही नासधूस समर्थनीय होती, असे मी म्हणणार नाही. परंतु तिचा अर्थ स्पष्ट होता : स्वस्त चहा स्वीकारणे म्हणजे लादलेला हक्क स्वीकारणे. १७७४ साली ते बंदर बंद करण्यात आले, १७७५ साली लेक्सिंग्टन येथे गोळी सुटली, ४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत झाला आणि १७८३ च्या पॅरिस तहाने इंग्लंडने ते स्वातंत्र्य मान्य केले.

संत थॉमस अक्वायनस न्याय्य कायद्याच्या तीन कसोट्या सांगतात : तो सर्वांच्या हितासाठी असावा, करणाऱ्याच्या अधिकाराबाहेर नसावा आणि त्याचा भार योग्य प्रमाणात वाटलेला असावा. वसाहतींचा आक्षेप प्रामुख्याने दुसऱ्या कसोटीवर उभा होता. कर जड होता म्हणून नव्हे, तर संमतीविना होता म्हणून तो त्यांना अन्याय्य वाटला.

जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत एकच कॅथलिक होता : मेरीलँडचा चार्ल्स कॅरल. त्या वसाहतीत कॅथलिकांना मताधिकार नव्हता, सार्वजनिक पदे त्यांना बंद होती आणि १७५६ साली त्यांच्या जमिनींवर दुप्पट कर बसविण्यात आला होता. संमतीविना कर म्हणजे काय, हे कॅरलला पुस्तकातून शिकावे लागले नाही. आपल्याला त्याचा अभिमान वाटतो, आणि तो वाटावाही. पण हाच कॅरल शेकडो गुलामांचा मालक होता आणि १८३२ साली मरेपर्यंत तो मालकच राहिला. तीन पेन्ससाठी ज्यांनी संमती मागितली, त्यांनी ज्यांचे सारे आयुष्यच कररूपाने वसूल केले, त्यांची संमती विचारली नाही. त्या देशातील गुलामगिरी नष्ट व्हायला १८६५ साल उजाडावे लागले.

स्वतंत्र अमेरिकेच्या काँग्रेसने १७९१ साली मद्यावर कर बसविला. पश्चिम पेनसिल्व्हेनियातील लहान शेतकऱ्यांना तो जाचक वाटला. १७९४ साली त्यांनी बंड केले, तेव्हा अध्यक्ष वॉशिंग्टन स्वतः सैन्य घेऊन निघाले. आता संसदेत प्रतिनिधी होते. तक्रार होती ती भाराच्या वाटणीची, म्हणजे तिसऱ्या कसोटीची. स्वराज्य आले म्हणून न्याय आपोआप येत नाही.

म्हणून कर नाकारण्याचा हक्क केवळ आपल्यावरील अन्यायाच्या जाणिवेतून सिद्ध होत नाही. ती जाणीव प्रत्येकालाच असते. मला न विचारता माझ्यावर काय लादले गेले, हे आपण चटकन सांगू शकतो. मी कोणाला न विचारता काय लादले, या प्रश्नाला मात्र घरात, शेतावर, किंबहुना माझ्यासारख्या धर्मगुरूलाही, उत्तर शोधावे लागते. कॅरलने पहिल्या प्रश्नाचे उत्तर धैर्याने दिले. दुसरा प्रश्न त्याच्या अंगणातच उभा होता.