हातमोजा आणि कर्मेंद्रिय

अंगावर घालून संगणक चालवण्याची घरगुती साधने दिसायला गमतीची असतात. पण माणसाचे शरीर नेमके कुठे संपते, हा जुना प्रश्न ती नव्याने उभा करतात. संगीतकार लेतिसिया सोनामी यांनी १९९१ मध्ये केलेला ‘लेडीज ग्लव्ह’ हे त्याचे चांगले उदाहरण आहे. स्वयंपाकघरातल्या रबरी हातमोज्यांच्या बोटांवर त्यांनी चुंबकीय क्षेत्र ओळखणारे पाच संवेदक चिकटवले आणि उजव्या हातावर चुंबक बसवला. बोट चुंबकाजवळ गेले की विद्युतदाब बदले आणि त्या बदलातून ध्वनीचे नियंत्रण होई.

असा मोजा हाताचा भाग होतो का? सांख्य दर्शनाचे उत्तर नकारार्थी ठरेल. ईश्वरकृष्णाच्या ‘सांख्यकारिके’त हात हे पाच कर्मेंद्रियांपैकी एक आहे आणि इंद्रियांची उत्पत्ती पंचमहाभूतांपासून नव्हे, तर ‘अहंकार’ म्हणजे मीपणाच्या तत्त्वापासून सांगितली आहे. रबर आणि तार ही भौतिक द्रव्ये. त्यांना इंद्रियत्व येत नाही.

फ्रेंच तत्त्वज्ञ मॉरिस मेर्लो-पाँती यांनी १९४५ मध्ये वेगळी दिशा दाखवली. अंध माणसाला सवयीने काठीची जाणीव उरत नाही. काठीच्या टोकाशी असलेली जमीनच जाणवते. या कसोटीवर, वादकाचे लक्ष मोज्यावरून उठून थेट स्वरावर गेले की मोजा अनुभवापुरता शरीरात सामावला.

दोन्ही मतांमधली गाठ शंकराचार्यांच्या अध्यासविचाराने सुटते. ब्रह्मसूत्रभाष्याच्या प्रारंभी ते दाखवतात, की माणूस देहाचे धर्म आत्म्यावर लादतो, तसेच पुत्र-पत्नीचे सुखदुःखही स्वतःचे मानतो. म्हणजे ‘मी’ची मर्यादा त्वचेपाशी कधीच पक्की नव्हती. मोजा इंद्रिय नसला, तरी त्याच्याविषयीचे ‘माझेपण’ देहाविषयीच्या माझेपणाच्याच जातीचे आहे. फरक आहे तो सवयीच्या खोलीचा. मोजा काढून ठेवता येतो, म्हणून त्याच्या बाबतीत हा अध्यास उघड दिसतो; देहाच्या बाबतीत तो झाकलेला राहतो.

साधन वाढले तरी कर्ता मात्र वाढत नाही. गीतेचा अठरावा अध्याय कर्माच्या पाच कारणांत कर्ता आणि करण, म्हणजे साधन, वेगळे मोजतो. म्हणून साधनाला अर्थ कोण देतो, हे पाहावे लागते. विकतच्या साधनात कोणत्या हालचालीचा काय अर्थ, हे बहुधा दुसऱ्याने ठरवलेले असते. घरी केलेल्या मोज्यात तो अर्थ मोजा वापरणाराच ठरवतो, त्यामुळे त्यातून घडलेल्या कृतीचे कर्तृत्व आणि उत्तरदायित्व अधिक पूर्णपणे त्याचे असते.